साडूंचे बिनचूक ठोके

देवाने नाशिक जिल्ह्याच्या वाट्याची सगळी अचूकता एकाच माणसात ओतली आणि तो माणूस नेमका माझा साडू केला, याचा राग मी अजून सोडलेला नाही. अंबडच्या एका कारखान्यात ते तयार माल तपासत. केसभर फरक दिसला की माल परत. ही सवय ते घरीही घेऊन येत. सासूबाईंचे लाडू लहानमोठे झाले तर ते ताटातच त्यांची उंचीप्रमाणे रांग लावून दाखवत, आणि सासूबाईंना त्याचंच कौतुक. तेच मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर आमच्या घरी अबोला. सासरे नाशिक रोडच्या प्रेसमधून नोटा तपासून निवृत्त झालेले. त्यांना तर असा जावई म्हणजे जन्माचं सार्थक. मी गेलो की ते पेपरातून मान वर न काढता 'या' म्हणत. साडू आले की पेपरची घडी होई. मी जळायचो, अजूनही जळतो.

गेल्या वर्षी कामावरून येताना साडूंची स्कूटर घसरली आणि हेल्मेट असूनही मेंदूला मार बसला. त्यातून ते उठले, बोलू लागले, पण उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येई, बसल्या जागी घाम फुटे. म्हणून डॉक्टरांनी छातीला पट्टा लावून ठोके तपासायला सांगितले. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी साडूंनीच वाचला आणि हरखले. दोन ठोक्यांमधलं अंतर पाहावं तिथे जवळजवळ सारखं! त्यांनी लगेच पेढे आणवले. सासऱ्यांचा मला फोन आला, "काळीजसुद्धा बिनचूक आहे हो त्यांचं." माझ्या काळजाची अशी चौकशी कुणी कधी केली नव्हती. पेढा मी रागारागानेच खाल्ला.

मग डॉक्टरांनी समजावलं. चांगलं काळीज श्वासाबरोबर किंचित मागेपुढे होतं. श्वास घेताना जरा घाई करतं, सोडताना निवांत होतं. इथे मेंदूचे निरोप त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, म्हणून ते एकाच ठेक्यात चाललंय. तो फरक परत यायला हवा, येईलच असं मात्र सांगता येत नाही. तोवर कारखाना बंद, स्कूटर बंद. साडूंनी रिपोर्ट पालथा ठेवला. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे मी रिजेक्ट."

सासऱ्यांनी त्यांना ठोक्यांमधला फरक दाखवणारं घड्याळ आणून दिलं. मला राहवेना. मी स्वतःच्या पैशाने तसंच घड्याळ घेतलं. ते नवीन आहे का, असंही कुणी विचारलं नाही.

परवा रविवारी मेहुणीने मला त्यांच्यासमोर बसवलं. डॉक्टरांनी सांगितलेला संथ श्वासाचा व्यायाम त्यांना एकट्याने करवत नव्हता. डोळे मिटून आम्ही दोघांनी श्वास घेतले, सोडले आणि मग घड्याळं पाहिली. त्यांचा आकडा तळालाच होता. माझा कितीतरी वर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या पुढे होतो.

त्यांनी माझं मनगट हातात धरलं आणि सोडेनातच.

"तुमचं काळीज किती छान चुकतं हो," ते म्हणाले.

त्यात थट्टा नव्हती. या माणसाने एकदा तरी माझा हेवा करावा, ही माझी लग्नापासूनची इच्छा. ती पुरी झाली आणि मला सोसवेना. मी घड्याळ काढून खिशात टाकलं, म्हटलं, चार्जिंग संपलं. शर्टाच्या पातळ कापडातून त्याचा उजेड चांगला दिसत होता. एरवी असली चूक साडूंनी चारचौघांत धरली असती. त्यांनी खिशाकडे पाहिलं, "होतं असं," म्हणाले आणि डोळे मिटून पुन्हा श्वास घेऊ लागले.