आवाज खाणारी काच

तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती आणि काचकाकांचं तिच्यावाचून कधी अडलंही नव्हतं. एकतीस वर्षं ते तिथं काचा घासत होते. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेनं मापं पाठवायची, काकांनी ठोकळे पाठवायचे. माणूस सहसा खाली उतरत नसे.

चाकाच्या घरघरीनं कानांतले बारीक आवाज केव्हाच नेले होते. दारावरची घंटा ऐकू यायची नाही. "बिघडत नाही," काका म्हणायचे, "वाजवतोय कोण?" बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा लांब. घरात दोन खुर्च्या. एकीवर काका बसायचे, दुसरीवर टॉवेल वाळायचा. म्हणून निवृत्तीनंतर आणखी एक वर्ष कामावर ठेवा, असा अर्ज त्यांनी केला होता. सही करायची होती नव्या साहेबांनी, आणि साहेब सही करेनात. घोडं अडलं होतं एका काचेच्या ठोकळ्यावर.

ठोकळा अंगठ्याएवढा. त्याच्या एका तोंडाला चकती चिकटवून आवाज सोडायचा, इतका चढा की कुत्र्यालाही ऐकू येऊ नये. आवाज पलीकडच्या तोंडावर आपटून परत येतो, पुन्हा जातो. दर फेरीला पडद्यावर एक खुंटी उभी राहते. पण हा ठोकळा गोठवणाऱ्या थंडीत ठेवला, की तीन खुंट्यांत आवाज खलास.

साहेब एकदाचे खाली आले. त्यांची सगळी हयात धातूंवर काम करण्यात गेलेली.

"काका, घासताना आत तडे पाडलेत तुम्ही. हात थकले आता."

"हात नाही थकले, साहेब. काचच तशी असेल."

"वा! नाचता येईना, अंगण वाकडं!"

काकांनी पिवळा दिवा लावला, ठोकळ्यावर तपासणीची सपाट काच ठेवली. घासण्यात चूक असली की दोन काचांमध्ये दिसणारे काळे पट्टे वाकतात. पट्टे नांगराच्या तासासारखे सरळ होते. पण दाखवायचं कुणाला? साहेब लिफ्टपाशी पोचले होते.

मग काकाच वर गेले. यंत्रावर बसणाऱ्या बाईंना म्हणाले, "बाई, मला स्फटिकाचा तुकडा द्या. याच चाकावर, याच हातांनी घासतो. तोही मुका निघाला, तर माझा अर्ज फाडून टाका."

"आणि बोलका निघाला तर?"

"तर अंगणच वाकडं."

आठ दिवस घासला. आधी भरड पावडर, मग बारीक, मग चकाकीसाठी डांबराच्या थाळीवर गुलाबी पावडर. दर वेळी हात धुवायचे, कारण भरडीचा एक कण बारकीत गेला की सगळं मुसळ केरात. घरी गेल्यावर बोटं गुलाबी दिसायची. विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून ती तशीच राहायची.

नवव्या दिवशी स्फटिक थंडीत ठेवला. बाई खुंट्या मोजू लागल्या. दहा, वीस, चाळीस... पडद्यावर कुंपणच उभं राहिलं. मग काचेचा ठोकळा ठेवला. तीन.

"स्फटिकात अणू रांगेत घट्ट बसलेले असतात, काका," बाई म्हणाल्या. "काच म्हणजे घाईत गोठलेली गर्दी. काही अणूंना धड एक जागाच नाही. इथं बसू की तिथं, करत हलत राहतात. आवाज आत गेला, की तेच तो खातात."

"म्हणजे काचेलाच भूक."

"हो. तुमच्या हातात खोट नाही."

बाईंनी बोलावून घेतलेल्या साहेबांनी पडदा पाहिला, ठोकळा उजेडात धरला. "चुकलो, काका. इतकं चोख काम मी पाहिलं नव्हतं."

काकांनी खिशातलं पेन काढून पुढं केलं.

"पण मग झालंच की!" साहेब म्हणाले. "तुमचे अठ्ठावीस ठोकळे कपाटात पडलेत, मी टाकून देणार होतो. सगळे उत्तम आहेत म्हणजे. दहा वर्षं पुरतील. आता नवीन घासून करायचं काय?"

बाईंनी मान खाली घातली. काकांनी पेन खिशात ठेवलं.

लिफ्टवाल्यानं दार ओढलं. "मग काका, राहिलात ना?"

"नाही."

"का? खोट निघाली?"

"निघाली असती तर बरं होतं."

तळघर आलं. घंटी वाजली असावी. लिफ्टवाल्यानं कोपराला हात लावला, तेव्हा काका उतरले.