तिने कड पाहायला सांगितली

एम.एस्सी.ला असताना लाखनीहून एस.टी.ने नागपूरला निघालो होतो. मांडीवर दूरच्या एका आकाशगंगेचा मोठा फोटो होता. त्यात सुटे तारे कोणते आणि ताऱ्यांचे गुच्छ कोणते हे ओळखून गुच्छांभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचे होते. सरांनी एकदा ‘अर्धे चूक’ म्हणून तो परत केला होता, आणि उद्या शेवटची संधी होती. मी आपला मोठे ठिपके शोधून गोल करत होतो.

शेजारी धानाची रोवणी करून आलेली एक बाई बसली होती. तिच्या नखांत चिखल वाळला होता.

“हे काय होय जी भाऊ?”

मी सांगितलं की यात काही ठिपके म्हणजे एकेक तारा आहे, काही म्हणजे हजारोंचा घोळका.

तिने फोटो हातभर लांब धरला, एक डोळा मिटला. “तुमी मोठेपन पाहून राहिले. माती चांगली असली तं एकटं रोपबी धुऱ्या-बांधावरून मोठं दिसते. पन त्याची कड साफ रायते. चार रोपं एका जागी रोवले का कड विस्कटते.” मग माझ्या सगळ्यात मोठ्या गोलावर तिने नख टेकवलं. “हा एकटाच होय.”

भिंगातून पाहिलं. कड अगदी साफ होती. तो आपल्याच आकाशगंगेतला, मधे आलेला तारा होता.

ती वाटेतल्या शहापूरला उतरली. मी सगळे गोल खोडून पुन्हा केले.

“हे कुठं वाचलंस?” दुसऱ्या दिवशी कडेची युक्ती ऐकून सरांनी खूश होऊन विचारलं.

मी एका पुस्तकाचं नाव सांगितलं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.