दहा दिवस कमी

पनवेलच्या पक्ष कार्यालयात सभासदांचं रजिस्टर ठेवणारे एक गृहस्थ होते. बातमीसाठी मी तिथं वरचेवर जात असे. रोज संध्याकाळी शेवटच्या नावाखाली ते पट्टीनं लाल रेघ ओढत आणि शाई वाळेपर्यंत वही मिटत नसत.

लोकल बोर्डाच्या निवडणुकीसाठी पक्षाचं तिकीट हवं असेल तर वर्षभराचं सभासदत्व लागे. नेऱ्याच्या एका शेतकऱ्याला दहा दिवस कमी पडत होते. गावात शाळा यावी म्हणून तो उभा राहणार होता. तो कार्यालयात आला तेव्हा अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती.

"सायेब, धा दिवसांनी काय व्हतंय? नाव जरा वरती, मागल्या तारखेला लिवा. कुनाला कलनार नाय."

"मला कळेल ना," ते म्हणाले. त्यांनी चष्मा सारखा केला.

शेजारी बसलेले पक्षाचे तालुकाध्यक्ष हसले. "घ्या! पक्ष आता वहीच्या हुकमानं चालायचा."

शेतकरी उठून गेला. रजिस्टरवाल्या गृहस्थांनी दाराकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी तो मामलेदार कचेरीत अपक्ष म्हणून अर्ज भरायला आला. सूचक म्हणून सोबत हेच गृहस्थ होते. पक्षाच्या सभासदानं अपक्षाला सूचक होणं पक्षाच्या नियमात बसत नव्हतं. मी त्यांना तसं म्हणालो.

"सकाळीच राजीनामा दिला," ते म्हणाले. "रजिस्टरात नोंदवूनही मीच घेतला."

मग त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली.