पिशवी काढण्याआधी

"पिशवी काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "दोन मुलं झालीत, वय त्रेचाळीस. आता तिचं काम काय? पुढच्या बुधवारी ॲडमिट व्हा."

मी "हो" म्हणाले. सोनोग्राफीचा रिपोर्ट पर्समध्ये ठेवला, चपला घातल्या, जिना उतरले आणि खाली मेडिकलच्या दुकानासमोर थबकले. आपण नक्की कशाला हो म्हणालो, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मी एसटीत कंडक्टर आहे, रत्नागिरी डेपोला. आठ महिने पाळीत खूप अंगावरून जात होतं. दापोलीच्या फेरीला निघायच्या आधी मी डेपोतच दोनदा बाथरूमला जाऊन यायची, कारण वाटेतल्या स्टँडवर बाथरूमला पाणी असेलच याची खात्री नसते. एकदा चिपळूण सोडल्यावर मला सीटवरून उठायचीच भीती वाटली. मागच्या बाईने आपली शाल माझ्या हातात दिली. "कमरेला बांध," एवढंच म्हणाली. दापोली येईपर्यंत मी त्या शालीतच तिकिटं फाडली. उतरताना ती शाल परत घ्यायला तयार होईना.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले. रिपोर्टमध्ये फायब्रॉइड आला. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात वाढणारी मांसाची गाठ. बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टर अनुभवी. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली होती. त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता असं अजिबात नाही. तरीसुद्धा मन जागेवर राहीना. भात लावायला गेले आणि पाणीच घातलं नाही. शेजारणीने दोनदा हाक मारली तेव्हा करपल्याचा वास आला.

"बुधवारी तर बुधवारी," माझे यजमान म्हणाले. ते मच्छीमारी बोटीवर इंजिन सांभाळतात. "आता पावसाळ्यात बोटी बंद आहेत, मी घरी आहे. एकदाचं उरकून टाक."

"पण दुसरा काही उपाय असेल तर?"

"असता तर डॉक्टरनी सांगितला नसता? उगाच त्यांना काहीबाही विचारू नकोस. रागावले तर कुणाकडे जायचं आपण?"

ही भीती मलाही होती. म्हणून विचारायचं सोडून मी मोबाइल उघडला, आणि इथेच माझी चूक झाली. पिशवीचं ऑपरेशन असं टाकल्यावर व्हिडिओंचा नुसता पूर आला. एक बाई सांगत होती, पिशवी काढली की बाई निम्मी होते. दुसरा कुणी एक काढा विकत होता, एकवीस दिवसांत गाठ विरघळवणारा. तिसरीकडे एक डॉक्टर हसत हसत म्हणत होते, काही नसतं हो, तिसऱ्या दिवशी घरी. प्रत्येक व्हिडिओ मला खरा वाटायचा, पुढचा लागेपर्यंत. दोन दिवसांत मी इतकी घाबरले की ड्युटीवर एका माणसाला देवरूखऐवजी पालीचं तिकीट दिलं.

माझी मुलगी सायली दापोलीला कृषी विद्यापीठात शिकते. तिला फोन केला तेव्हा ती वैतागलीच.

"आई, व्हिडिओ बंद कर आधी. रिपोर्टचा फोटो पाठव. आजार सगळ्यांचा वेगळा असतो, तुझ्या रिपोर्टात काय लिहिलंय ते शोधू या."

रिपोर्टात एक शब्द होता, तो मी वाचलाच नव्हता. सबम्युकस. सायलीने डॉक्टरांच्या संघटनांनी रुग्णांसाठी काढलेली माहितीपत्रकं शोधली आणि फोनवर मला अर्थ सांगितला. सबम्युकस म्हणजे गाठ गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी. अशी गाठ लहान असेल तर काही जणींमध्ये ती खालच्या मार्गाने, दुर्बिणीतून काढता येते. त्याला हिस्टरोस्कोपी म्हणतात. पोटावर टाका नाही, पिशवी तशीच राहते. माझी गाठ अडीच सेंटीमीटरची होती.

"म्हणजे माझं तसं होईल?" मी विचारलं.

"ते मला कसं कळणार? डॉक्टरांना विचार. वहीत लिहून ने, नाहीतर तिथे गेल्यावर विसरशील."

मी वही घेतली खरी, पण विचारायला जायचं धाडस होत नव्हतं. ते आलं माझ्या मोठ्या जाऊबाईंमुळे. अकरा वर्षांपूर्वी, सदतिसाव्या वर्षी, त्यांची पिशवी दुसऱ्या गावी एका दवाखान्यात काढली होती. मी त्यांना वयनी म्हणते. त्या मला धीर द्यायला आल्या होत्या.

"अगो, माझी नाय का काढलीन? काय झाला मला? मोकळी झाले," त्या म्हणाल्या.

पण वयनी मोकळ्या झाल्या नव्हत्या, हे घरात आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ऑपरेशननंतर महिनाभरातच त्यांच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. थंडीतसुद्धा पंखा लावून बसायच्या. चाळिशीतच हाडं दुखायला लागली. गेल्या वर्षी अंगणात घसरल्या तर मनगट मोडलं. सगळे म्हणायचे, हिचा स्वभावच चिडका झालाय. मीही म्हणायची.

मी त्यांना त्यांची जुनी फाइल आणायला सांगितली. ऑपरेशनला काय काय लागतं ते बघावं, एवढाच माझा हेतू होता. डिस्चार्ज कार्डावर टीएएच विथ बीएसओ अशी अक्षरं होती. फोटो काढून सायलीला पाठवला. तिचा लगेच फोन आला आणि ती हळू आवाजात बोलली.

"आई, काकीची फक्त पिशवी नाही काढलेली. दोन्ही ओव्हरीजसुद्धा काढल्यात. ओव्हरी म्हणजे अंडाशय. शरीराला लागणारी हार्मोन्स तिथून येतात. ती एकदम बंद झाली की असं सगळं होतं."

फोन स्पीकरवर होता. वयनींनी ऐकलं. त्यांनी कार्ड ओढून घेतलं आणि त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"मला कोणी सांगितलानच नाय गो," त्या म्हणाल्या. "मी पण विचारला नाय."

कदाचित काढायचं खरंच काही कारण असेल. फाइलमध्ये ते लिहिलेलं नव्हतं आणि आता सांगणारं कुणी नाही. पण अकरा वर्षं ही बाई स्वतःच्याच अंगाला कंटाळून जगली, आणि आम्ही तिला चिडकी म्हणत राहिलो. त्या दुपारी मला फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी मी वही घेऊन दवाखान्यात गेले. दीड तास बसले. माझ्या पुढे सोळा जणी होत्या. एकेक जण आत जाऊन पाच मिनिटांत बाहेर येत होती. मी वही उघडत होते, मिटत होते. पाणी पिऊन झालं, भिंतीवरचं गरोदर बाईच्या आहाराचं पोस्टर पाठ झालं. दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

आत गेल्यावर डॉक्टरांनी वहीकडे बघितलं. "इंटरनेटवर वाचून आलात?"

"वाचून आलेय. पण कळलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय."

ते हसले नाहीत, पण खुर्ची पुढे ओढली. मी वाचत गेले. माझी गाठ आतल्या बाजूला आहे ना? मग पिशवी ठेवून नुसती गाठ काढता येईल का? पिशवी काढलीच तर अंडाशयं ठेवाल का? आणि दोन महिने थांबले तर काय बिघडेल?

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. फिल्म उजेडाला धरली. मग ते जे बोलले ते मी अजून विसरलेले नाही.

"दुर्बिणीतून निघू शकते. माझ्याकडे ते यंत्र नाही आणि माझा त्यात हातही बसलेला नाही. पिशवी काढायचं ऑपरेशन मी पंचवीस वर्षं करतोय, ते मला बिनधोक जमतं. म्हणून तेच सुचवलं. तुम्हाला दुसरा रस्ता सांगायला हवा होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने नाही. इतकं सरळ कुणी बोलेल, अशी माझी तयारीच नव्हती.

त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. गाठ पुन्हा होऊ शकते. त्रास थांबला नाही तर पुढे पिशवी काढावी लागेल. आणि त्याआधी बायॉप्सी हवीच, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायचा. "त्यात काही वाईट निघालं तर मात्र वहीतले प्रश्न बंद. मी सांगेन ते ऐकायचं."

"ऐकेन," मी म्हणाले.

त्यांनीच बायॉप्सी केली, शिरेतून लोहाची इंजेक्शनं दिली आणि कोल्हापूरच्या एका डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहिली. बायॉप्सीचा रिपोर्ट यायला सहा दिवस लागले. या आजारपणातले सगळ्यात वाईट दिवस तेच. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची. यजमान बंदरावर जायचे आणि तासाभरात परत यायचे. रिपोर्ट चांगला आला, तेव्हा ते पडवीत बसून लहान मुलासारखे रडले. मग मला समजलं, त्यांची घाई कशातून आली होती.

कोल्हापूरला सकाळी ऑपरेशनला आत नेलं, तासाभरात दुर्बिणीतून गाठ काढून झाली. पोटात पाळीसारखी कळ होती, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी घाट उतरून घरी. दहा दिवसांनी ड्युटीवर हजर झाले.

आता नऊ महिने झाले. हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे. मधल्या एका महिन्यात पुन्हा जास्त गेलं, तेव्हा जीव टांगणीला लागला. उद्या कदाचित पिशवी काढावीही लागेल. तेव्हा मी नाही म्हणणार नाही. आमच्याच डेपोतल्या एका मैत्रिणीची काढली, तिच्या बाबतीत तेच योग्य होतं आणि ती आज ठणठणीत आहे. हे वाचून कुणी ठरलेलं ऑपरेशन रद्द करू नये. फक्त आपलं काय काढणार, का काढणार आणि न काढता काय होईल, एवढं विचारल्याशिवाय मान हलवू नये. चांगला डॉक्टर रागावत नाही. क्षणभर रागावला तरी उत्तर देतो.

मागच्या महिन्यात वयनींना घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेले. हाडांची तपासणी झाली, हाडं ठिसूळ झालीत असं निघालं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवणार, इतक्यात वयनींनी टेबलावर हात ठेवला. एरवी दवाखान्यात त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही.

"डॉक्टर, थांबा जरा," त्या म्हणाल्या. "ही गोळी कसली? किती दिवस घ्यायची? आणि नाय घेतली तर काय होईल? मला सगळा सांगा. मला वेळ आहे."