सहाव्या उंदराच्या कागदावरचा गेरू

अप्पा, माझे वडील, गेले त्या दिवशी मी हैदराबादला होतो. प्रयोगशाळेत सहावा उंदीर मशीनमध्ये होता. अक्काचा फोन आला.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही बसत नाही, म्हणून तर चिडचिड होते. इथं लिहितोय ते कुणी समजावून सांगेल म्हणून.

माझं काम सांगतो. जिवंत उंदरांचे दोन स्कॅन करायचे. सीटी हाडं आणि आकार दाखवते. पेट दाखवते, शरीरात साखर कुठे जास्त खपते — म्हणजे गाठ कुठे आहे. मग दोन्ही चित्रं एकावर एक बरोब्बर बसवायची. केसभर चुकलं तरी सगळं वाया.

त्या वर्षी दिवाळीआधी पेटचं मशीन बंद पडलं. पार्ट येईना. नुसत्या सीटीचे सहा कागद, एका उंदराचा एक, घेऊन मी गावी गेलो... खटकचिंचोळी, तालुका भालकी. अप्पांनी जन्मभर मेंढरं राखली. आजारी मेंढरू हातानं चाचपून ओळखायचे, दुखऱ्या जागी गेरूचा अंगठा लावायचे आणि त्याला कळपापासून वेगळं बांधायचे.

त्यांनी कागद उलटेपालटे करून पाहिले.

"कामून रं, हाडं काढलास व्हय ह्यांची?"

"जित्ते हायत अप्पा. फोटो हाय नुसता."

पाच कागद त्यांनी बाजूला ठेवले. सहाव्यावर डाव्या बरगडीखाली गेरूचा अंगठा उमटवला.

"ह्यो बरा न्हाई."

"तिथं काई न्हाई. मशीननं बघितलंय."

"मशीननं हात लावला का?"

"तुमी तरी कुठं लावलात? कागद हाय ह्यो."

"व्हय की," म्हणून ते हसले.

कागद खराब झाला म्हणून मी दिवसभर धुसफुसत होतो. परत आल्यावर तो ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

पेट दुरुस्त व्हायला कित्येक आठवडे गेले. अप्पा गेले त्या सकाळी सहाव्या उंदराचं चित्र पडद्यावर येत होतं. एक ठिपका पेटला होता. तेवढ्यात फोन वाजला... आणि मी तसाच निघालो.

तेराव्यानंतर अक्का म्हणाली, "दिवाळीपासनं अप्पा गोठ्यात एकटेच निजायलते. लेकरांना जवळ येऊ देईनात. शेवटची आंगोळ घालताना बघितलं — डाव्या कुशीवर गेरू. बंडीला आतून बी लागलेला."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुला सांगू नको म्हनले. त्याचं मशीन बंद हाय, म्हनले, आधीच तरासलाय."

हैदराबादला येऊन ड्रॉवर उघडला. पेटचं चित्र त्याच मापात छापून कागदावर धरलं. ठिपका अंगठ्याच्या मधोमध बसला. बाकीचे पाच उंदीर स्वच्छ.

सहकारी शबानाला काही न सांगता दोन्ही जुळवायला दिलं. तिचंही तिथंच आलं. माझे गाईड सर म्हणाले, "योगायोग. पुढे चला." असेलही. सहांतला एक निवडणं योगायोग म्हणू. पण जागा? आणि गाठ सीटीत दिसतच नव्हती, मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. उंदरांच्या गाठी शोधणं माझा धंदा. समोर बसलेल्या माणसाला मी साधं "तुम्हाला बरं आहे ना" एवढंही विचारलं नाही.

प्रबंधात सहाव्या उंदराची दोन्ही चित्रं आहेत. तो कागद माझ्याकडे आहे. गेरू अजून बोटाला लागतो.