मऊ टोकाची गोळी

गेल्या उन्हाळ्यात पनवेलमधले बंदुकांचे एक दुकान बंद झाले. मालक त्याआधी काही आठवडे हृदयविकाराने वारला होता.

"शेत कुठाय?" हा त्याचा पहिला प्रश्न. पीकसंरक्षणाचा परवाना घेऊन कोणीही आले, की चष्मा कपाळावर चढवून तो हेच विचारी. आसपासची शेते जाऊन टॉवर उभे राहिले, तरी परवान्यांचे नूतनीकरण चालूच होते. तुम्ही गेला असता, तर त्याने तुमच्यावरही संशय घेतला असता. निवडणुकीआधी जमा कराव्या लागणाऱ्या बंदुकांच्या बातमीसाठी मी गेलो, तेव्हा माझे ओळखपत्र उजेडात धरून त्याने विचारले, "फोटो तुमचाच ना?"

माणूस गोळीवरून ओळखावा, असे तो म्हणे. "डुकराचं कातडं जाड, त्याला कडक गोळी. मऊ टोकाची आत फुटते, ती भेकराला. भेकर म्हणजे हरीणच, त्याच्या शिकारीला बंदी. म्हणून तोंडाने डुक्कर सांगतात आणि बोट मऊ गोळीवर ठेवतात."

एकदा माझ्यासमोर जासईहून त्याचा थोरला भाऊ आला. त्याने रायफलीसाठी मऊ टोकाच्या गोळ्या मागितल्या.

"शेत कुठाय?"

"मी तुजा भाव हाय रं. मना पन ईचारतंस?"

"आपल्या वावरात कंटेनर उभे हायेत, दादा. डुकरं कंटेनर खातात काय?"

"भाड्याच्या जाग्यात भेंडी लावलीय. येऊन बग."

"भेकराचं मटन कोनाला देनार, ते सांग आधी."

थोरला पायऱ्या उतरला. "तुज्या दारात परत पाय नाय ठेवनार."

मी जासईला गेलो. कंटेनर यार्डच्या कुंपणालगत शेताचा पट्टा होता. भेंडी आडवी झालेली, माती उकरलेली, खुरांचे ठसे ताजे. थोरल्याने डुकरे मारण्याची वनखात्याची परवानगी दाखवली. मऊ गोळीच का, असे विचारल्यावर त्याने कुंपणाकडे बोट केले. पलीकडे ट्रेलरच्या सावलीत ड्रायव्हर झोपले होते.

"कडक गोली डुकराच्या आरपार जाते. मऊ आतच ऱ्हाते."

हे मी दुकानात सांगितले.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं."

"ड्रायव्हर पण?"

"तेही."

त्याने कपाटातून एक पेटी काढून बाजूला ठेवली.

"फोन करा त्यांना," मी म्हणालो.

"उचलत नाही."

दुकान बंद झाले, तेव्हा शिल्लक साठ्याचा पंचनामा झाला. मऊ टोकाच्या गोळ्यांची एक न उघडलेली पेटी वेगळी ठेवलेली सापडली. तिच्यावर पेनाने 'दादा' असे लिहिले होते.