दिघोरीला विकलेली लिफ्ट चेअर

आधीच सांगते, मी साकोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, बाहेरचं लागणं असलं काही स्टाफरूममध्ये निघालं की बोलणाऱ्याला गप्प करणारी मीच. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच बरेच महिने गेले… पण आता मनात ठेववत नाही.

माझ्या सासूबाईंचे गुडघे पार गेले होते. एकट्याने उठता येईना, म्हणून धाकट्या दिरांनी पुण्याहून लिफ्ट चेअर पाठवली. रिमोटचं बटण दाबलं की मोटरवर ती मागून उचलली जाते आणि माणसाला जवळजवळ उभं करते. सासूबाई खूश होत्या. सहा-सात महिने काहीच झालं नाही.

मग एका दुपारी त्यांनी हाक मारली. जाऊन पाहते तर खुर्ची पूर्ण वर उचललेली, आणि त्या दोन्ही हातांनी तिला घट्ट धरून.

"सुनबाई, पाणी आलं वो. घोट्याले लागून राहिलं."

फरशी कोरडी होती. त्यांचं माहेरगाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. वाटलं, वयामुळे जुनं काही आठवत असेल. पण तळवे पुसायला घेतले तर पांढरेफटक, सुरकुतलेले… दिवसभर चिखलात धानाची रोवणी करणाऱ्या बायांचे होतात ना, तसे. डॉक्टर म्हणाले, घाम असेल. मीही मान डोलावली.

त्यानंतर पाणी चढत गेलं — म्हणजे त्यांच्या बोलण्यात. पिंडऱ्या, गुडघे, कंबर, छाती. दर वेळी त्याच खुर्चीत बसल्यावर. पलंगावर असल्या की त्याबद्दल एक शब्द नाही. आणि ज्या दिवशी "गळ्यापर्यंत आलं, मले वर घे" म्हणाल्या, त्याच संध्याकाळी त्या गेल्या. वय झालं होतं. कुणाला नवल वाटलं नाही.

दोन महिन्यांनी मी खुर्चीची जाहिरात ऑनलाइन टाकली. दिघोरीचे विलासभाऊ टेम्पो घेऊन आले. छोटं किराणा दुकान, घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. आईला लकवा मारला होता, दोन वर्षांपासून वाचा गेलेली.

"ताई, काही खराबी तं नाही न याच्यात?"

"नाही. मोटर एकदम चांगली आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण बोलताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, हे आजही आठवतं.

तीन आठवड्यांनी, मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, माही माय बोलून राहिली! तुमच्या खुर्चीत बसली का बोलते!"

"काय… काय म्हणतात?"

"पाणी आलं, पाणी आलं म्हणते. पाणी प्याले देतो तं घेत नाही."

"कुठपर्यंत आलं म्हणतात?"

"काल छातीले लागलं म्हणे. पण तुमाले कसं माहीत?"

मी अर्धी रजा टाकली. ह्यांना बँकेतून बोलावून घेतलं आणि आम्ही गाडीने निघालो. ह्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. सासूबाईंचं ते बोलणं त्यांनीही ऐकलेलं होतं.

विलासभाऊंच्या घरी पडवीतच खुर्ची होती. पूर्ण वर उचललेली. तीत त्यांची आई, हनुवटी आभाळाकडे ताणून — तोंड पाण्याच्या वर ठेवायला माणूस धडपडतं तशी. तिने मला याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. डोळे माझ्याकडे वळले.

"सुनबाई," ती म्हणाली, "लय उशीर केला वो."

विलासभाऊ गोंधळले. "हे कोणाले सून म्हणते? माहं तं लगनच नाही झालं."

मी सगळं सांगितलं. ते भडकले. "दोन वर्षानं माय बोलली, अन् तुमी खुर्ची न्याले आल्या? काहून?"

मी म्हातारीच्या पायावरची चादर बाजूला केली. त्यांनी तळवे पाहिले. हात लावून पाहिला. मग हात आपल्या सदऱ्याला पुसला आणि आईला उचलून आत खाटेवर नेलं. उचलताच तिने असा श्वास घेतला… खोल पाण्यात बुडी मारलेलं माणूस वर आल्यावर घेतं, तसा. तो आवाज मी विसरूच शकत नाही.

खुर्ची आम्ही साकोलीला परत आणली. ह्यांनी भंगारवाल्यासमोर उभं राहून तिचा एकेक भाग सुटा करवला. स्पंज, वायरी, मोटर — सगळं कोरडं ठणठणीत. काहीही सापडलं नाही.

म्हातारी जिवंत आहे. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडून शब्द नाही. विलासभाऊ माझा फोन घेत नव्हते. मागच्या महिन्यात एकदाच घेतला.

"माय जेवते, झोपते. बोलत नाही," ते म्हणाले. "ताई, तुमी माह्या मायेले वाचवलं, का तिची वाचा नेली… मले अजून समजून नाही राहिलं."

मलाही नाही.